हयात माणसाचं चित्र

"कवा गेलं गुरुजी?"

नाते गावची एक बाई सासऱ्यांचं चित्र न्यायला महाडला माझ्या दुकानात आली होती. तिचं चित्र मी कागदात बांधत होतो, तोवर ती स्टँडवरच्या दुसऱ्या चित्राकडे बघत उभी होती. त्यात चेहरा झाला होता, सदरा व्हायचा होता. तिने पुढे होऊन चौकटीला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि मला हे विचारलं. गुरुजी काही वर्षं नाते गावच्या शाळेत होते. तिच्या धाकट्या दिराला त्यांनी शिकवलं होतं.

"गेले नाहीत," मी म्हटलं. "आहेत."

"आसं?" तिने पुन्हा एकदा नीट बघितलं. "मंग आसं का काढलंय?"

ती गेल्यावर मी चित्रासमोर स्टूल ओढून बसलो. बाईचं बरोबर होतं. नाक गुरुजींचंच होतं, कान त्यांचेच, उजव्या गालावरचा मससुद्धा जागच्या जागी होता, पण चित्रातला माणूस मेलेला होता. कुणाच्या तरी भिंतीवर हार घालून टांगल्यासारखा तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. गुरुपौर्णिमा अकरा दिवसांवर आली होती.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आले आणि ते काम बघता बघता गेलं. मग मी माणसांची चित्रं काढायला लागलो, खरं सांगायचं तर गेलेल्या माणसांची. मोठ्या पुरात महाडमध्ये घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा लोकांच्या गाद्या आणि कपाटं गेलीच, भिंतीवरचे आईबापांचे फोटोही गेले. चिखल लागलेले, चेहरा निम्मा विरघळलेले फोटो घेऊन माणसं माझ्याकडे यायची. त्याच दिवसांत तळीयेवर दरड कोसळली. त्या अंगाची काही माणसं नुसती आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आली, कारण तेवढीच उरली होती. ते वर्षभर मी एकही जिवंत चेहरा काढला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

अशा कामाने हाताला वळण पडतं. घरच्यांना आपला माणूस शांत हवा असतो. म्हणून कपाळावरच्या आठ्या कमी करायच्या, ओठ मिटायचे, नजर बघणाऱ्याच्या पलीकडे न्यायची. खाली मरून रंगाची पट्टी, पट्टीवर पिवळ्या इनॅमलने आधी 'कै.', मग नाव, मग दोन तारखा. हे सगळं माझा हात मला न विचारता करायचा. त्याचा मला अभिमान होता, हे आता लिहायला लाज वाटते.

गुरुजी म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीवरच्या शाळेचे. दोन खोल्या, चार वर्ग, बराच काळ एकटे गुरुजी. रोज सकाळी ते फळ्यावर सुविचार लिहायचे आणि मी त्यांच्या मागे उभा राहून खडू कसा वळतो ते बघायचो. चौथीत त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, उद्यापासून तू. घरी जमीन होती, भाऊ मुंबईला होते, मला कोणी चित्रकार करणार नव्हतं. त्या खडूने केलं. माझ्या हातातलं अक्षर त्यांचं आहे, एवढं सांगितलं की पुरे.

त्यांच्या मुंबईतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी गुरुपौर्णिमेला त्यांचा सत्कार ठरवला. पंचाहत्तरी झाली होती. शाळेच्या मोठ्या खोलीत कायमचं लावायला त्यांचं तैलचित्र हवं, आणि ते मीच काढायचं. त्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीने फोनवर सांगितलं, "दादा, टेन्शन नको घेऊस. फक्त त्या संडेला एकदम रेडी पायजे." सोबत पेन्शनच्या कागदांवरचा पासपोर्ट फोटो मोबाइलवर पाठवला. मी नेहमीसारखा फोटो समोर ठेवला आणि नेहमीसारखा चेहरा काढला. तो कोणाचा झाला, ते नाते गावच्या बाईने पहिल्या नजरेत ओळखलं.

त्याच दिवशी दुपारी काकींचा फोन आला. काकी म्हणजे गुरुजींची बायको. "गुरुजींना दम लागलाय रे. महाडला घेऊन आलोय, दवाखान्यात ठेवलंय. तू ये."

मी देवभोळा माणूस नाही. पण फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चित्र भिंतीकडे तोंड करून फिरवलं. मग मनातल्या मनात दिवस जुळवले. डोळे मी मंगळवारी पुरे केले होते, आणि काकी म्हणत होत्या की छाती मंगळवारपासूनच भरली. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हे वेडेपणाचं आहे असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं, आणि माझाच आवाज ऐकून आणखी घाबरलो.

चेहरा पुसून नव्याने काढायचा असं ठरवून मी रंग खरवडायची पातळ सुरी घेतली. कपाळ खरवडलं, डावा डोळा खरवडला, गालापर्यंत आलो आणि हात थांबला. तिकडे त्या माणसाला प्राणवायू लावलेला आणि इकडे मी त्याचा चेहरा सुरीने काढतोय. मी सुरी खाली ठेवली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. आता मागे अर्धा चेहरा राहिला होता. तो तसा ठेवायचीही भीती आणि उरलेला खरवडायचीही भीती. पाच-सहा दिवस मी त्याला हात लावला नाही. दिवस मात्र जात होते आणि सेक्रेटरी रोज फोन करत होता.

शेवटी जाड कागदाची वही आणि पेन्सिल घेऊन दवाखान्यात गेलो. गुरुजी पलंगावर टेकून बसले होते, नाकात नळी होती. मी कशाला आलो ते त्यांना लगेच कळलं.

"काढ," ते म्हणाले. "पण नळी काढू नकोस."

माझा हात नळीच्या जवळपासही नव्हता, तरी मी तो झटकन मागे घेतला.

"चित्रात म्हणतोय मी," गुरुजी म्हणाले. मग हसले आणि हसल्याने खोकले. काकींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू खोकला मीच आणला.

मी काढायला लागलो. जिवंत माणूस किती हलतो याचा मला विसर पडला होता. हनुवटी काढेपर्यंत मान वळायची, कान काढेपर्यंत ते पाणी मागायचे. मध्येच म्हणाले, "दर नोव्हेंबरात मला बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर उभा असलो तरी कागद पाहिजे. या वर्षी तुझं चित्रच पाठवतो. बघू बँक मानते का." मी हसल्यासारखं केलं. माझ्या डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड केलेलं ते चित्र होतं आणि बँकेने ते मानलं नसतं.

मग त्यांना झोप लागली. बोलता बोलता डोळे मिटले, ओठ मिटले, आठ्या गेल्या. मी ज्या चेहऱ्याची सवय करून घेतली होती नेमका तो चेहरा माझ्यासमोर उशीवर आला. पेन्सिल माझ्या हातातून सुटली. मी त्यांच्या छातीवरच्या चादरीकडे बघत राहिलो. ती वर येते का, खाली जाते का, तेवढंच बघत राहिलो.

"झोपलेत रे," काकी म्हणाल्या. "तू नको घाबरू. मी हाय ना."

त्या हळू आवाजात बोलल्या होत्या, पण मला ते मोठ्याने ऐकायला हवं होतं.

जागे झाल्यावर त्यांची नजर समोरच्या दारावरच्या पाटीवर गेली आणि तिथेच थांबली. डावी भुवई वर गेली. हनुवटी जरा उचलली गेली. ओठ विलग झाले, आतला श्वास बाहेर यायच्या बेतात थांबला. शाळेत कुणी चुकलं की पहिल्यांदा हेच व्हायचं. बोलणं नंतर यायचं, आणि त्या मधल्या क्षणात आख्खा वर्ग आपली चूक शोधायला लागायचा.

"'आतिदक्षता' लिहिलंय," गुरुजी म्हणाले. "अ ला काना कशाला? कुणी रंगवलीय?"

पाटी मीच रंगवली होती, पाच-सहा वर्षांपूर्वी. ते मी सांगितलं नाही. मी घाईघाईने भुवई आणि ओठ कागदावर धरून ठेवले. फोटोत हा माणूस नव्हता. फोटो काढणाऱ्याने त्यांना गप्प बसवलं होतं.

गुरुवारी सकाळी मी उरलेला चेहरा खरवडून टाकला. भीती वाटत होतीच, पण आता समोर वही होती. तीन दिवस उरले होते, आणि आषाढात तैलरंग वाळत नाही. मी शंभरचा बल्ब चित्राजवळ टांगला, रंग पातळ ठेवला, तेल जवळजवळ घातलंच नाही. दिवसातून दहादा वीज जायची. शुक्रवारी सावित्री नदीचं पाणी चढतंय असं कुणीतरी ओरडत गेलं, आणि बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानदारांसारखं माझ्याही तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माल उचलला, मी ओलं चित्र दोन्ही हातांत आडवं धरून शिडीने माळ्यावर चढवलं. पाणी आलं नाही.

चेहरा झाला होता की नाही, मला सांगता येत नव्हतं. मी त्याकडे सरळ बघतच नव्हतो. भुवई बघायचो, ओठ बघायचो, पण सगळा चेहरा एकदम बघायची छाती नव्हती. पुन्हा तोच मेलेला माणूस दिसला असता तर मला दुसरा दिवस उरला नव्हता.

शनिवारी सकाळी पट्टीला मरून रंग दिला. तो दुपारपर्यंत वरवर वाळला, आत कच्चाच होता. थांबायला वेळ नव्हता. अक्षरं लिहिताना रंगाचा थेंब उडू नये म्हणून आम्ही वरच्या भागावर वर्तमानपत्र चिकटवतो. मी तसं चिकटवलं आणि मला एकदम हलकं वाटलं. चेहरा झाकला गेला होता. समोर फक्त पट्टी होती, आणि पट्टीचं काम मला झोपेतही येतं. तेवढ्यात काकींचा फोन आला. गुरुजींना घरी सोडलं होतं. डॉक्टर आणखी दोन दिवस राहा म्हणत होते, पण "ऐकत नायत रे. उद्या वाडीवर जायचंच म्हनतात." मी फोन खांद्याने कानाशी धरून लिहीत होतो. त्या आठवड्यात पहिल्यांदाच माझा हात थरथरला नाही. एका दमात ओळ झाली. वर्तमानपत्र तसंच ठेवून, बल्बच्या उबेला चित्र सोडून मी घरी गेलो.

रविवारी मंडळाची माणसं गाडीने वीर स्टेशनला उतरली, रिक्षांनी महाडला आली आणि तिथून आम्ही दोन जीप करून निघालो. चित्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी मांडीवर आडवं घेतलं होतं. पोलादपूर सोडल्यावर रस्त्यात जागोजागी माती आली होती. एका वळणावर ड्रायव्हर थांबला, काच खाली करून वरच्या डोंगराचा आवाज ऐकला आणि मग गाडी पुढे घेतली. मी चित्राला धरलं होतं की चित्राने मला, सांगता येणार नाही.

शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या, माइक तपासत होते. गुरुजींना दम लागू नये म्हणून चौथीच्या वर्गात खुर्चीवर बसवलं होतं. काकी शेजारी होत्या. मी चित्र टेबलावर उभं केलं.

"दाखव," गुरुजी म्हणाले. "लोकांसमोर पहिल्यांदा बघायला मला नको."

मी प्लॅस्टिक सोडलं, वर्तमानपत्र काढलं आणि चित्राकडे न बघता गुरुजींकडे बघत राहिलो. आधी बोलल्या त्या काकी. "ह्ये बग," त्या म्हणाल्या, "आता वरडतील."

तेव्हा मी मान वळवली. चित्रातला माणूस कुणाची तरी चूक पकडून बोलायच्या बेतात होता. जिवंत होता. अकरा दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मला रडू येईल असं वाटलं.

मग गुरुजींची नजर खाली पट्टीवर गेली. ते सगळं वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा. डावी भुवई वर गेली. हनुवटी उचलली. ओठ विलग झाले. मीही चूक शोधायला लागलो, आणि ती सापडायला वेळ लागला नाही. नावाच्या आधी, सुबक पिवळ्या अक्षरात, मी 'कै.' लिहिलं होतं.

मला काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी त्यांच्या पायांशी बसलो होतो एवढं आठवतं. काकींचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं. बाहेर माइकवर गुरुजींना बोलवत होते. मी खिशातून किल्ली काढली आणि अक्षर खरवडायला उठलो.

"खरवडू नकोस," गुरुजी म्हणाले. "छान आलंय. टिंबसुद्धा जागच्या जागी आहे."

"गुरुजी…"

"कधी ना कधी लागणारच की. परत तुला एवढा डोंगर चढून यायला नको. त्या पेटीत बघ."

पोरांच्या हस्तकलेच्या पेटीत लाल घोटीव कागद होता, डिंकाची बाटली होती, तेलखडू होते. मी दोन बोटं रुंदीचा तुकडा कापला, पण त्यावर लिहायला माझा हात चालेना. तेव्हा गुरुजींनी पिवळा खडू माझ्याकडून घेतला आणि मांडीवर पाटी ठेवून स्वतः 'श्री.' लिहिलं. वेलांटी थोडी थरथरली. मी कागद 'कै.'वर चिकटवला. लाल आणि मरून यात फरक दिसत होता, पण लोकांना ती सजावट वाटली असती, आणि पुढे तसंच झालं.

"काय चाललंय रे दोघांचं?" काकींनी विचारलं.

"शुद्धलेखन," गुरुजी म्हणाले. मग मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "कागद तू काढायचास. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

सत्कार चांगला झाला, भाषणं लांबली, सगळे चित्राची तारीफ करत होते. मी दाराशी उभा राहून त्या लाल तुकड्याकडे बघत होतो. त्यानंतर काकींचा फोन आला की उचलायच्या आधी माझा जीव टांगणीला लागायचा. कधी फणस पाठवलेत म्हणून फोन असायचा, कधी गुरुजींच्या गोळ्या महाडहून पाठव म्हणून. मी दर वेळी आधी आवाज ऐकायचो, शब्द नंतर. गुरुजी त्यानंतर दोनदा बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन आले.

यंदा होळीच्या आधी काकींचा फोन आला, आणि त्या काही बोलल्याच नाहीत. पुढचं मला विचारावं लागलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. रविवार होता, खोलीत कुणी नव्हतं. बाकावर चढून कागदाचा कोपरा नखाने उचलला. दोन पावसाळ्यांची ओल त्यात मुरली होती. कागद अलगद सुटला, आणि त्याच्यासोबत माझं अक्षरही खालच्या रंगासकट सुटून आलं. घाईत कच्च्या रंगावर चढवलेलं इनॅमल, ते कागदाच्या पाठीला उलटं चिकटून बसलं होतं. पट्टीवर नावाच्या आधी कोरं कॅनव्हास राहिलं. गुरुजींचा अंदाज चुकला होता. मला खाली महाडला जाऊन रंग घेऊन परत डोंगर चढावा लागला.

दुसऱ्या दिवशी पट्टीला मरून रंगाचा हात दिला आणि तो पुरता वाळेपर्यंत थांबलो. या वेळी घाई नव्हती. चेहऱ्यावर वर्तमानपत्र चिकटवलं नाही, कारण गुरुजी बघत असताना लिहावं असं मला वाटलं. मग बारीक ब्रश पिवळ्यात बुडवला. हे अक्षर मी किती वेळा लिहिलं असेल त्याची मोजदाद नाही. क काढला. वरच्या दोन मात्रा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या दोन रेघा ओढायला मला संध्याकाळ झाली.